पाणी आलेलं कुणी पाहिलेलं नाही

पूर्व केंटकीच्या डोंगरांत सावरवुड नावाचा ओढा आहे, आणि त्या ओढ्याकाठी डेल्फिया सायझमोरने एकतीस वर्षं टपाल वाटलं. गाडी तिची स्वतःची, पुढे एकच लांब सीट असलेली. ती सीटच्या मधोमध बसायची. डावा हात डावीकडच्या चाकावर, डावा पाय ब्रेकवर, आणि उजव्या हाताने उजव्या खिडकीतून रस्त्याकडेच्या पेटीत पत्रं टाकायची. असं बसून बसून तिची कंबर एका बाजूला कललेली राहिली. निवृत्त झाल्यावर चर्चमध्येही ती बाकावर तशीच तिरपी बसायची, आणि मागचे लोक म्हणायचे, डेल्फिया अजून वळणावर आहे.

नवरा हॉबर्ट खाणीत होता. कोळशाची धूळ छातीत साठून गेला, त्याला बारा वर्षं झाली. दोन्ही मुली ओहायोत. घरात ती, रेडिओ आणि शेगडीवर शिजणाऱ्या बीन्स. पण एकटी म्हणावं तर ओढ्याकाठच्या दोनशे चौदा घरांपैकी एकही घर असं नव्हतं जिथून तिला कॉफीचा कप विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, शाळेच्या जेवणघरात सभा भरली. काउंटीचा आपत्ती अधिकारी टेव्हिस रॅटलिफ कागद घेऊन आला होता. टेव्हिस पलीकडच्याच दरीतला, चाळिशीतला माणूस. अॅम्ब्युलन्सही तोच बघायचा आणि कुत्र्यांचे परवानेही. ओढ्याकाठी धोक्याचा भोंगा बसवावा आणि अगदी खालच्या रांगेतली घरं वर हलवावीत म्हणून काउंटीने अर्ज केला होता. तो अर्ज यादीत पार तळाला गेला होता. कारण पुराच्या धोक्याच्या नव्या तक्त्यात अख्ख्या काउंटीला शेरा मिळाला होता, "तुलनेने कमी". पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी.

"म्हणजे आपण पास झालो की नापास?" मागच्या खुर्चीवरून बर्चेल आयसनने विचारलं.

"पास झालो काका, तीच तर पंचाईत आहे," टेव्हिस म्हणाला.

लोक हसले. डेल्फिया हसली नाही. तिने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"टेव्हिस, हा आकडा कुणाचा?"

"आपल्या काउंटीचा, मावशी."

"म्हणजे टेकडीवरच्या कोर्टाचाही?"

"हो."

"आणि डोंगराचं डोकं कापून खाणवाल्यांनी जे पठार केलंय, त्याचाही?"

"त्याचाही. सतरा हजार माणसं, सगळ्यांचा मिळून एक."

डेल्फियाने कागद खाली ठेवला. "माझ्या गाडीत रोज सहाशे-साडेसहाशे पत्रं असायची. पेट्या दोनशे चौदा. वरून विचारणा आली की मी लिहायची, घरटी तीन. पण खालच्या रांगेतल्या व्हेस्टाकडे औषधवाल्यांची नि बियाणंवाल्यांची मिळून रोज वीस जायची, आणि म्हाताऱ्या डेन्व्हरच्या पेटीत कोळ्याने संसार मांडला होता. घरटी तीन हे खोटं नव्हतं. पण रोज तीन पत्रं येणारं घर मला एकतीस वर्षांत एकसुद्धा भेटलं नाही."

"बरोबर आहे," टेव्हिस म्हणाला. "आणि अजून एक सांगतो, म्हणजे चिडायचं ते एकदाच चिडून घ्या. नुकसान मोजतात ते बहुतेक घराच्या किमतीने. समुद्रकाठचा एक बंगला गेला तर जेवढं नुकसान धरतात, तेवढं व्हायला आपली अख्खी खालची रांग वाहून जावी लागेल. म्हातारी माणसं किती, गरीब किती, हे वेगळं धरतात, नाही असं नाही. पण तेही सगळ्या काउंटीचं मिळून."

"मग हा कागद चुलीत घालायचा का?" बर्चेल म्हणाला.

"नाही काका. एकशे वीस काउंट्यांमध्ये आधी कुठे बघायचं, हे वरच्यांना ठरवायला काहीतरी लागतंच. हा आकडा त्यासाठी केलाय. तुमच्या पायरीपर्यंत पाणी येईल का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही."

"मग ते विचारायचं कुणाला?" डेल्फियाने विचारलं.

टेव्हिसने हातातला पेन टेबलावर आडवा ठेवला. "ते मलाही माहीत नाही, मावशी. माझ्याकडे माणसं दोन आहेत. त्यातला एक मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फिया गाडी काढून ओढ्याच्या तोंडाशी गेली आणि पहिल्या पेटीपासून सुरुवात केली. या खेपेला पत्रं नव्हती, जाड पुठ्ठ्याची एक वही होती. ती प्रत्येक घरासमोर थांबायची, दार वाजवायची आणि विचारायची, पाणी कुठवर आलं होतं? तिच्या लग्नाच्या वर्षीचा पूर, धाकटी मुलगी झाली त्या हिवाळ्यातला पूर, पूल गेला तो पूर, असं एकेक. लोक दाखवायचे. कुणी पायरी दाखवायचं, कुणी भिंतीच्या कागदाखालचा पिवळा डाग. एका बाईने पियानोचा पाय दाखवला. डेल्फिया कापडी फितीने रस्त्यापासून उंची मोजायची आणि लिहायची.

तिला हे जमायचं, कारण लोकांना ती हवी असायची. टेव्हिस गेला असता तर पायरीवर उभं राहून परतला असता. डेल्फिया गेली की आधी मक्याचा पाव यायचा, मग कुणाच्या मुलाचं काय बिनसलं ते, आणि मग पाणी.

व्हेस्टा हर्लीचं घर पेटी क्रमांक एकोणीस. अगदी खालच्या रांगेतलं. व्हेस्टा ऐंशीची, बुटकी, ठसकेबाज, गुडघ्यांनी पार थकलेली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली होती, आणि डेल्फियाच्या दोन्ही मुली तिच्या हातचं जेवून मोठ्या झाल्या होत्या.

"पाणी? पाणी तर पाहुण्यासारखं येतं," व्हेस्टा म्हणाली. "तीनदा आलं. एकदा तर न सांगता दोन दिवस राहिलं."

डेल्फियाने लिहिलं: तीनदा, चौकटीच्या कडीपर्यंत.

बर्चेल आयसनचं घर सगळ्यात वरच्या टोकाला, पेटी दोनशे सहा. ओढा तिथे पंचवीस फूट खाली. घर त्याच्या आजोबाने डोंगराच्या एका सपाट टप्प्यावर बांधलेलं, पाठीमागे एक अरुंद घळ, तिच्यात उन्हाळ्यात घागरभर पाणीसुद्धा नसायचं. बर्चेल शहात्तरचा. खाणीचं छत पडू नये म्हणून त्याला खिळे ठोकण्यात जन्म गेला. बायको गेल्यापासून दोन शिकारी कुत्री आणि एक टोमॅटोचा वाफा सांभाळून होता.

"माझ्याकडे कशाला आलीस?" तो म्हणाला. "इथवर पाणी आलं तर खाली विचारायला कुणी उरणार नाही."

"सगळ्यांकडे जायचं ठरवलंय. तुला वगळलं तर रुसशील."

"मग लिही, बर्चेल कोरडा."

डेल्फियाने लिहिलं: पाणी येत नाही.

"मला पण लिहून दे," तो म्हणाला. "सही करून. विमावाला आला की तोंडावर मारतो."

तिने हसत वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली. त्याने ते चुंबकाने फ्रिजवर लावलं.

हिवाळा सरेतो वही भरली. दोनशे चौदा घरांपैकी एकेचाळीस घरांत पाणी येतं, त्यातली सव्वीस अशी की पाणी आल्याचं कळेपर्यंत रस्ता बुडालेला असतो. टेव्हिसने वही टेबलावर ठेवून पानं उलटली. मग म्हणाला, "मावशी, एवढं तर आमच्या नकाशातही नाही." त्याने एक पद्धत बसवली. पाऊस ठरावीक मापाच्या वर गेला की तो डेल्फियाला फोन करणार, डेल्फिया पाच जणींना, त्या पाच जणी एकेचाळीस घरांना. आणि ज्यांना नातेवाईक नाहीत त्यांनी वरच्या घरांत जायचं. कुणी कुठे जायचं हेही तिनेच ठरवलं. व्हेस्टा बर्चेलकडे जाणार होती.

"त्या कुत्र्यांच्या घरात?" व्हेस्टा म्हणाली. "पुरातच मेलेली बरी."

"तो टोमॅटो चांगले करतो," डेल्फिया म्हणाली.

"करतो खरा. मीठ मात्र माझं मी नेईन."

पूर आला तो जुलैमधल्या एका गुरुवारी. पहाटेपासून पाऊस लागला होता आणि नऊ वाजता तो अजून जोराने पडू लागला. साडेनऊला टेव्हिसचा फोन आला. डेल्फियाने पाच फोन केले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, ठरल्यापेक्षा बरं झालं म्हटलं तरी चालेल. कुणी कुरकुर केली नाही. अकरापर्यंत एकेचाळीसपैकी अडतीस घरं रिकामी झाली होती, उरलेली तीन बारापर्यंत झाली. व्हेस्टाला शेजारच्या एकाने आपल्या ट्रकमध्ये बसवून वर नेऊन सोडलं.

सव्वाअकराला बर्चेलचा फोन आला.

"तुझी पाहुणी पोचली. माझ्या स्वयंपाकघरात शिरून माझ्याच तव्याला नावं ठेवतेय."

"मग बरी आहे."

"डेल्फिया, एक विचारायचं होतं. पाऊस काही साधा दिसत नाही. आम्ही दोघं अजून वर, चर्चकडे जाऊ का? गाडी आहे माझी."

डेल्फियाने वही उघडलीसुद्धा नाही. उघडायची गरजच नव्हती. "कशाला त्या म्हातारीला घेऊन ओल्या रस्त्याने फिरतोस? ओढ्याकाठी तुझ्याइतकं कोरडं घर दुसरं नाही. बस तिथंच."

"बसतो," तो म्हणाला.

ओढा चढला तो तिच्या वहीत लिहिल्याप्रमाणेच चढला. कडीपर्यंत, पियानोच्या पायापर्यंत, आणि मग त्याच्याही वर, कुणी कधी पाहिलं नव्हतं तिथवर. एकच्या सुमारास खालची रांग गेली. व्हेस्टाचं घर पायापासून सुटलं आणि वळणावरच्या पुलाला जाऊन धडकलं. त्या घरांत कुणीही नव्हतं.

बर्चेलच्या घराला ओढा शिवलाही नाही. पाणी मागून आलं.

घराच्या मागच्या घळीत, अर्धा मैल वर, खाणीच्या जुन्या रस्त्याखाली पाणी जायला एक मोरी होती. रस्ता वीस वर्षं बंद होता. त्या हिवाळ्यात वरच्या उतारावर कुणीतरी लाकूडतोड केली होती, आणि ओंडके, फांद्या, माती सगळं त्या मोरीच्या तोंडाशी येऊन बसलं. रस्त्यामागे पाणी तुंबत गेलं, तुंबत गेलं, आणि दीडच्या सुमारास रस्त्याचा बांधच सुटला.

बर्चेलला आवाज आला तो आगगाडीसारखा. त्याने व्हेस्टाला खुर्चीवरून उचललं आणि दाराबाहेर पडला. दहा पावलं गेला असेल. पाण्याने दोघांना सिकमोरच्या झाडाशी नेऊन आपटलं. त्याने एका हाताने झाड धरलं आणि दुसऱ्या हाताने व्हेस्टाचा हात. किती वेळ धरला हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. संध्याकाळी लोक दोर घेऊन पोचले तेव्हा तो झाडाशीच होता, कंबरेचं हाड मोडलेलं. व्हेस्टा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, खाली शाळेजवळ.

त्या दिवशी सावरवुडच्या ओढ्यावर एकच माणूस गेलं. टेव्हिसने नंतरच्या सभेत सांगितलं की एवढ्या पाण्यात, भोंगा नसताना एकच जाणं हे फक्त वहीमुळे. लोकांनी उठून डेल्फियाचे हात धरले. ती सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिली आणि घरी जाऊन तिने ती वही पिठाच्या डब्यामागे सरकवून दिली.

लोक तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. व्हेस्टा घरी राहिली असती तरी गेलीच असती, घर तर वाहूनच गेलं. ते खरं होतं. पण बर्चेलने विचारलं होतं चर्चकडे जाऊ का, आणि चर्च कोरडं होतं, हेही खरं होतं.

बर्चेल तीन महिने पुनर्वसनाच्या दवाखान्यात होता. डेल्फिया दोन महिने गेली नाही. ऑक्टोबरमध्ये गेली, टोमॅटो संपले होते म्हणून सफरचंदाच्या वड्या घेऊन. तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता.

"आलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, माझं नाव वगळलंस."

ती बसली. दोघं बाहेरच्या गाड्या बघू लागले.

"मी तुला लिहून दिलं होतं," ती म्हणाली.

"दिलं होतंस."

"सही करून."

"डेल्फिया, मी त्या घरात शहात्तर वर्षं राहिलो. माझ्या आजोबाने ते बांधलं. तिथे पाणी येत नाही, हे तुला सांगितलं कुणी? मीच. तू माझंच मला लिहून दिलंस. वर तोड चालू होती, हे मला माहीत होतं. हिवाळाभर करवत ऐकत होतो. डोक्यात आलं नाही. तू विचारलंस पाणी कुठवर आलं होतं. वर काय चाललंय, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही."

"मला तुझ्यावर ढकलायचं नाही."

"ढकलू नकोस. पण एकटीने उचलूही नकोस. माझा हात होता तिच्या हातात, तुझा नव्हता." त्याने वड्यांचा डबा उघडला, एक खाल्ली. "तिने केल्या असत्या तर दालचिनी जास्त घातली असती."

डेल्फिया रडली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, गाड्याच बघत राहिला, आणि तिला ते बरं वाटलं.

पुढच्या वर्षी तक्ता पुन्हा निघाला. टेव्हिस तो घेऊन तिच्या घरीच आला, सभा वगैरे काही न भरवता. काउंटी अजूनही "तुलनेने कमी". आकडा थोडा हलला होता, पायरी बदलली नव्हती.

"चिडा मावशी," तो म्हणाला. "मी चिडलोय."

डेल्फियाने कागद वाचला. तिला वाटलं होतं आपण चिडू. पण हिवाळाभर ती दुसऱ्याच गोष्टीशी भांडत होती. "टेव्हिस, तूच म्हणाला होतास, या आकड्याला पायरीचं कुणी विचारलेलं नाही. व्हेस्टाबद्दल तो काही बोललाच नव्हता. बोलले ते मी. तो अख्ख्या काउंटीला एका शब्दात बसवतो म्हणून मी त्याला नावं ठेवली, आणि मी स्वतः बर्चेलच्या घराला तीन शब्दांत बसवलं. पाणी येत नाही. मला म्हणायचं होतं, पाणी आलेलं कुणी पाहिलेलं नाही. दोन्ही मला एकच वाटलं."

टेव्हिसने तिच्या हातातून कागद घेऊन त्याची घडी घातली. मग त्याने विचारलं, "वही कुठाय?"

तिने डब्यामागून वही काढली. त्या उन्हाळ्यात तिने नवीन वही केली. जुन्या नोंदी उतरवल्या, पण प्रत्येकीपुढे लिहिलं, कुणी पाहिलं आणि कधी. आणि त्याच्यापुढे एक रकाना ठेवला, काय कुणी पाहिलेलं नाही. तो रकाना भरायला ती घळीघळीतून चालत वर गेली, सत्तरीला टेकलेली बाई, हॉबर्टचे बूट घालून. बर्चेल काठी घेऊन ट्रकमध्ये बसून राहायचा आणि दर अर्ध्या तासाने हॉर्न वाजवायचा, तिने ओरडून ओ दिली की गप्प व्हायचा. बंद रस्त्यांखालच्या अकरा मोऱ्या सापडल्या. चार बुजलेल्या होत्या. त्यातल्या दोन टेव्हिसने माणसं गोळा करून उपसून काढल्या. उरलेल्या दोन खाजगी जमिनीत होत्या, मालक दूर राहणारे, पत्रांना उत्तर न देणारे. वहीत त्या तशाच लिहिल्या गेल्या. वहीची नक्कल जोडून टेव्हिसने भोंग्याचा अर्ज पुन्हा पाठवला. घरं हलवायचं काही झालं नाही, भोंगा मात्र पुढच्या वर्षी आला.

गेल्या वसंतात पेटी एकशे अठ्ठ्याऐंशीचं घर विकायला निघालं. टेनेसीहून एक जोडपं बघायला आलं. नवरा सुतार, बायको पोटुशी. कुणीतरी त्यांना डेल्फियाकडे पाठवलं.

"आम्ही काउंटीचा शेरा पाहिला," बायको म्हणाली. "कमी धोका लिहिलंय. पण लोक म्हणाले, मावशींना विचारा. हे घर सुरक्षित आहे ना?"

डेल्फियाने त्यांना पायरीवर बसवलं आणि वही मांडीवर उघडली. "तो शेरा काउंटीचा आहे, ह्या घराचा नाही. ह्या घरात ओढ्याचं पाणी कुणी पाहिलेलं नाही, साठ वर्षांत. त्या जुलैमध्येही नाही, आठ फूट खाली थांबलं. मागे घळ आहे. तिच्यातली मोरी मी मागच्या ऑगस्टमध्ये पाहिली, मोकळी होती. यंदा पाहिलेली नाही. वर दुसऱ्या कुणाची जमीन आहे, तो उद्या काय करेल मला माहीत नाही."

"म्हणजे घ्यावं की नाही?" नवऱ्याने विचारलं.

"ते मी सांगणार नाही. मी एकदा सांगितलं होतं."

बायकोने पर्समधून पावतीचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं, मोरीचं सुद्धा. मग म्हणाली, "मोरी कुठे आहे ते दाखवाल?"

"मी नाही आता, गुडघे गेले. बर्चेल दाखवेल ट्रकमधून. कुत्र्यांना भिऊ नका."

त्यांनी घर घेतलं. सुतार दर महिन्याला फावडं घेऊन घळीत जातो, आणि मोठा पाऊस लागला की त्यांची गाडी अंगणात तोंड रस्त्याकडे करून उभी असते. डेल्फिया त्यांच्या नोंदीपुढे मोरी पाहिल्याच्या तारखा लिहिते, तो सांगतो त्या.